नाय शोभत

लिंबू रंग मला शोभत नाही, हे माझ्या आईला माहीत होतं, बहिणीला माहीत होतं आणि बहुधा आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत असावं. पण तोंडावर सांगितलं ते फक्त मामांनी, आणि तेही ओळखपाळख नसताना. गुलमंडीतल्या त्या साडीच्या दुकानात मी नोकरी मागायला गेले होते. अंगावर नवी कोरी लिंबू रंगाची साडी, केसांना क्लिप, हातात बी.कॉम.ची मार्कशीट. गादीवर पांढऱ्या पायजम्यातला एक किडकिडीत माणूस साड्यांच्या घड्या घालत बसला होता. त्यानं मान वर केली, मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "कावीळ झाल्यावाणी दिसू राहिली. कोणी घेऊन दिली ही?"

"माझी मीच घेतली," मी म्हणाले.

"अन् दुकानातल्या माणसानं नाय म्हणलं नाय तुला?"

"नाही."

"मंग तो गादीवर बसायच्या लायकीचा नाय. तुला नाय शोभत हा रंग. बस, चहा पी."

मला इतका राग आला होता की उठून निघूनच जाणार होते. पण चहा आला, आणि चहा येईपर्यंत नोकरीही मिळाली. मामांनी बसल्या जागेवरून थोरल्या शेठना ओरडून सांगितलं, "शेठ, ही पोरगी ठेवा. राग हिच्या तोंडावर दिसतो. गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं हिला जमायचं नाय." झाली माझी मुलाखत. मार्कशीट कुणी पाहिलीसुद्धा नाही.

ते कुणाचे मामा होते, कुणास ठाऊक. लग्न केलेलं नव्हतं, एक बहीण वेरूळला दिलेली होती, आणि बाकी सगळा गोतावळा गिऱ्हाइकांचा. वागणं सगळं तऱ्हेवाईक. दुकानाचा चहा ते एरवी घ्यायचे नाहीत. ज्या गिऱ्हाइकावर ओरडले त्याच्याबरोबर मात्र अर्धा कप घ्यायचे, आणि न चुकता घ्यायचे. त्यामुळे मोसमात दिवसभर त्यांच्यासमोर कपबश्या वाजत असत. थोरले शेठ म्हणायचे, "मामांना पगारापेक्षा चहाच जास्त लागतो." पण म्हणताना हसायचे.

आमच्या धंद्यात पुरुष विक्रेते साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवतात. मिशीवाला बाप्या खांद्यावर पदर टाकून उभा राहतो आणि बायकांना त्याचं काही वाटत नाही. मामा मात्र हे कधी करायचे नाहीत. "माझ्या अंगावर काय बघता? लग्न माझं हाय का?" असं म्हणून ते पदर थेट नवरीच्या खांद्यावर फेकायचे. मग तिला हाताला धरून दुकानाबाहेर न्यायचे, भर रस्त्यात, उन्हात. ट्यूबलाइटवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गुलमंडीच्या गर्दीत ती नवरी अंगावर शालू घेऊन लाजून उभी, मागे तिची आई, मावश्या, आणि त्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षा. एखादा रिक्षावाला मान बाहेर काढून सल्ला द्यायचा, "मामू, लाल दिलाव, लाल! हरा नक्को!" मामा त्याच्यावर खेकसायचे, "तेरी शादी है क्या?" आणि तो गेल्यावर हळूच नवरीच्या आईला म्हणायचे, "पण बरोबर बोलला तो. हिरवा नाय शोभत."

एकदा एक बाई तणतणत आत आल्या आणि म्हणाल्या, सगळ्यात भारी साडी दाखवा. मामांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि हातातली घडी खाली ठेवली. "घरी जा बाई. आज तू नवऱ्यावर चिडलेली हाय. आज घेशील ती उद्या परत आणशील. उद्या ये, मी हाय." त्या बाई आधी भडकल्या, मग तिथंच बसून रडल्या, मग चहा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या नवऱ्याला घेऊनच.

मामा काही देवमाणूस नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांच्या तोंडाच्या पट्ट्यानं माणसं दुखावलीही जायची. एका दुपारी पन्नाशी उलटलेल्या एक शिक्षिका एकट्याच आल्या. त्यांनी लाल शालू मागितला. मामा सवयीनं बोलून गेले, "बाई, वय काय अन् रंग काय? लेकीसाठी घ्या, तुम्हाला नाय शोभत." त्या बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "लग्न माझंच आहे." एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलून पायऱ्या उतरल्या. मामा उठले, लाल शालू काखेत मारला आणि तसेच अनवाणी पैठण गेटपर्यंत पळाले. बाई सापडल्या नाहीत. परत आले तेव्हा तळपाय भाजले होते. त्या दिवशी ते कुणावरच ओरडले नाहीत, आणि चहाही घेतला नाही. पुढं कितीतरी दिवस दारात कुणी एकटी बाई दिसली की ते मान उंच करून बघायचे. त्या पुन्हा आल्या नाहीत.

पण मामांचं खरं राज्य बस्त्याच्या दिवसांत. आमच्याकडं लग्नाचा बस्ता म्हणजे एकट्या नवरीची खरेदी नसते. दोन्हीकडची माणसं जीप भरून येतात आणि नवरीच्या शालूपासून आत्याबाईंच्या मानाच्या साडीपर्यंत, व्याह्यांच्या टोपी-टॉवेलपर्यंत सगळं एका बैठकीत घ्यायचं असतं. त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाच्या पोटात एक असतं आणि ओठावर दुसरं. मुलीच्या बापाला महाग वाटतं, पण पाहुण्यांसमोर बोलता येत नाही. नवरीला रंग आवडत नाही, पण सासूनं उचललेल्या शालूला नावं कशी ठेवणार? बस्त्यात "नाही" हा शब्द कुणालाच परवडत नाही. तो मामा म्हणायचे. सगळ्यांच्या वतीनं, आणि वाईटपणा स्वतःकडं घेऊन. "ताई, हा ठेवा. पोरीला नाय शोभत." सासू फणकारायची, आणि नवरी खाली मान घालून हसायची. मला हे कळायला बराच काळ लागला. आधी मी त्यांना नुसते भांडकुदळ समजत होते.

थोरले शेठ गेले आणि कारभार छोट्या शेठकडं आला. जालना रोडला मोठमोठी शोरूम उघडली होती, आमच्या पायऱ्या चढणारी माणसं कमी होऊ लागली होती, आणि छोटे शेठ घाबरले होते. घाबरलेला माणूस सल्ला विकत घेतो. त्यांनी पुण्याहून एका सरांना बोलावलं. सर म्हणजे पंचविशीतलं पोरगं. निळा सूट, टोकदार बूट. गादीवर बूट घालून चढू नये हेही त्याला आम्ही सांगितलं. त्यानं आम्हाला ग्राहकसेवा शिकवायची होती.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्हाला एका रांगेत उभं करून तो हसण्याचा सराव घ्यायचा. "दात दिसले पाहिजेत! डोळे हसले पाहिजेत!" लग्नाच्या मोसमात आमच्या पोटऱ्या लाकडासारख्या होतात. वरच्या मजल्यावरच्या संडासापर्यंत जायला वेळ मिळत नाही म्हणून आम्ही बायका पाणी पीत नाही. हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, पाय दुखतात तेव्हा मनातल्या मनात हसा. ग्राहकाला आपली ऊर्जा जाणवते." मला वाटलं, याला एक दिवस, फक्त एक दिवस, अक्षय्य तृतीयेच्या आधी इथं उभा करावा आणि मग विचारावं ऊर्जा कुठं कुठं जाणवते ते.

शेवटी माझ्याच्यानं राहवलं नाही. "सर, तुम्ही कधी साडी विकली आहे का?"

"मी विकत नाही, मॅडम. मी विकायला शिकवतो."

मागून मामा बोलले, "म्हंजे पवायला शिकवायचं, पण काठावरून."

सगळे खो खो हसले. तो सरसुद्धा हसला, दात दाखवून. त्याला राग येत नव्हता, हाच आमचा मोठा राग होता. एक गोष्ट मात्र त्याच्या नावावर जमा केली पाहिजे. म्हाताऱ्या बायकांना गादीवर बसता येत नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी हेरलं आणि स्टुलं मागवून घेतली. इतक्या वर्षांत ते आम्हाला सुचलं नव्हतं.

त्याचे नियम सोपे होते. ग्राहक आला की हात जोडायचे आणि म्हणायचं, "नमस्कार, आपलं स्वागत आहे. आपलं शुभ नाव? मी आपली काय मदत करू शकतो?" साडी दुकानाबाहेर न्यायची नाही. आपली पसंती पुढं करायची नाही. वय, रंग, अंगकाठी यावर चकार शब्द काढायचा नाही. ग्राहकानं काहीही उचललं तरी म्हणायचं, "उत्तम निवड आहे, मॅडम." आणि "नाही" हा शब्द दुकानात उच्चारायचाच नाही.

वयाचा नियम सांगितला तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली. मामांनी मात्र मान डोलावली. नंतर घड्या घालता घालता मला म्हणाले, "पोराचं ते एक बरोबर हाय. मला हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं." कोणाची आठवण निघाली होती ते मला ठाऊक होतं.

मग छोट्या शेठनी जाहीर केलं की बस्त्याच्या गादीवर यापुढं सरांच्या परीक्षेत पास होईल तोच बसेल. बाकीच्यांनी टोपी-टॉवेल बघावेत. परीक्षा म्हणजे खरं गिऱ्हाईक येणार, सर मागं उभे राहून मोबाईलवर चित्रण करणार आणि मार्क देणार.

दुसरी कुठलीही वेळ असती तर मामांनी ती गादी शेठच्या अंगावर फेकून दिली असती. पण त्या महिन्यात कन्नड गावच्या आक्कांच्या नातीचं, सोनीचं लग्न ठरलं होतं. आक्का आमचं जुनं गिऱ्हाईक, त्यांच्या घरच्या सगळ्या लग्नांचे बस्ते मामांनी केलेले. सोनीच्या आईचा शालूही त्यांनीच काढलेला. सोनी चार-पाच वर्षांची असताना एका बस्त्याला आली होती आणि साड्यांच्या ढिगात झोपून गेली होती. मामांनी तिच्या अंगावर डाळिंबी पदर टाकला आणि म्हणाले, "आक्का, हिच्या लग्नात हाच रंग. मी काढून देणार. दुसरीकडं गेलात तर बघा." ते ही गोष्ट विसरले नव्हते. फोन आला त्या दिवशीच त्यांनी एक डाळिंबी शालू निवडून कापडात गुंडाळून आपल्या पाठीमागं ठेवला होता.

"मामा, जमेल तुम्हाला?" मी विचारलं.

"न जमायला काय झालं? सोनीचा बस्ता होईस्तोवर ही गादी पायजे मला. मंग टोपी-टॉवेल तर टोपी-टॉवेल."

एका दुपारी मी गोदामात गेले तर मामा भिंतीवरच्या फुटक्या आरशासमोर हात जोडून उभे होते. "आपलं शुभ नाव? आपलं शुभ नाव?" मी आल्या पावली परत फिरले.

आक्का आल्या त्या दोन जीप घेऊन. त्यांच्या घरची माणसं, सोनीच्या सासरची माणसं. वाटेत आक्कांनी पाहुण्यांना मामांच्या गोष्टी सांगितल्या असणार, कारण सगळे पायऱ्या चढतानाच हसत होते. आक्का तर बाहेरूनच ओरडल्या, "भाऊ! आलो रे! आज कोणाला शिव्या देतो बघू!"

मामा उठून उभे राहिले. त्यांच्यामागं सर मोबाईल धरून तयार होता. मामांनी हात जोडले.

"नमस्कार, आपलं स्वागत आहे. आपलं शुभ नाव?"

आक्का हसल्या. "चेष्टा करू राहिला का भाऊ?"

"आपलं शुभ नाव, मॅडम?"

आक्कांचं हसू तिथंच विरलं. सोनीच्या सासूनं आपल्या नणंदेकडं पाहिलं. पंचवीसेक वर्षांची ओळख, घरच्यासारखा माणूस, असं सांगत आक्का ज्यांना घेऊन आल्या, त्यांच्यादेखत त्या माणसानं नाव विचारलं होतं. आक्कांनी नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, आडनावासकट, तलाठ्यासमोर सांगावं तसं. आणि स्टुलावर बसल्या.

मामा गादीवर बसले. ते चेष्टा करत नव्हते, सूड उगवत नव्हते. ते खरोखर पास व्हायला बसले होते. एकामागून एक शालू उलगडत गेले. सासरच्या आत्यानं एक कॉफी रंगाचा, जरीनं मढवलेला शालू उचलला आणि सोनीच्या खांद्यावर टाकला. सोनी सावळी, नाजूक. तो रंग तिला गिळूनच टाकत होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. सोनीनं मान वर करून मामांकडं पाहिलं. निश्चिंत होती ती. लहानपणापासून ऐकत आलेले ते दोन शब्द आता येणार, याची वाट बघत होती.

मामांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. शालूकडं बघत म्हणाले, "उत्तम निवड आहे, मॅडम."

सोनीचा चेहरा मला अजून दिसतो. तिनं पदर हळूच काढून खाली ठेवला. आक्का उठल्या. "चला, पुढं बघू अजून." डाळिंबी शालू मामांच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर होता. आपली पसंती पुढं करायची नाही, असा नियम होता.

मी आक्कांच्या मागं पायऱ्यांपर्यंत धावले. आक्का चपला शोधत होत्या आणि सापडत नव्हत्या, कारण डोळे भरले होते. "काय चुकलं गं आमचं? भाऊ का रुसला? परक्यावाणी बोलला."

"आक्का, रुसले नाहीत हो. नवीन नियम आहेत. तो मागं उभा आहे ना—"

"पाहुण्यांसमोर नाव इचारलं गं मला." एवढं बोलून त्या उतरल्या. माझं पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. सगळी माणसं रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरताना आम्ही आमच्या दारातून पाहिली.

आत सर टाळ्या वाजवत होता. "परफेक्ट, मामा! सगळ्यात जास्त मार्क तुम्हाला!" त्याला मनापासून आनंद झाला होता. त्यानं पेढे मागवले. गिऱ्हाईक गेलं त्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, तो वेगळा विषय आहे, तो पुढच्या सत्रात घेऊ. मी त्याला काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कॉफी रंगाचा शालू मामांनी घडी घालून ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. संध्याकाळी डाळिंबी शालू त्यांनी बाकीच्या मालात मिसळून टाकला. तो पुढं कुणी नेला, मी पाहिलं नाही.

त्यांना कुणी काढलं नाही. उलट छोटे शेठ त्यांच्यावर खूश होते. मामा मोसम संपेपर्यंत बस्त्याच्या गादीवर बसले, हात जोडून, सगळ्यांना शुभ नाव विचारत. ओरडणं बंद झालं तसा चहाही बंद झाला. जुनी माणसं यायची, थोडा वेळ बुचकळ्यात पडून बसायची आणि निघून जायची. मग एक दिवस मामांनी शेठच्या हातात राजीनामा दिला आणि वेरूळला बहिणीकडं गेले. त्यांच्या भाच्याचं देवळाजवळ नारळ-बेलाचं दुकान होतं. सरचं कंत्राट त्याआधीच संपलं होतं. जाताना त्यानं आम्हा सगळ्यांबरोबर फोटो काढला. त्यातही तो हसतोय.

दिवाळीच्या सुमाराला सोनी दुकानात आली. मामांना शोधत होती. फोनमधला लग्नाचा फोटो तिनं मला दाखवला. शालू कॉफी रंगाचाच होता, समोरच्या दुकानातला. "मी वाट बघू राहिले होते ओ, ते नाय म्हणतील म्हणून," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. सगळा उलगडा तिला आणि आक्कांना नंतर कुणाकडून तरी झाला होता. "आजीनं निरोप दिलाय. म्हणावं, दिवाळसणाची साडी भाऊनंच काढायची. शिव्या देऊन काढायची."

तो निरोप घेऊन मी वेरूळला गेले. जाताना मुद्दाम कपाटाच्या तळातून ती लिंबू रंगाची साडी काढली आणि नेसले. एसटीत बायका माझ्याकडं बघत होत्या. म्हटलं, बघू द्या. एकदा मामांचं तोंड सुटलं की माझं काम झालं. कावीळ म्हणतील, आणखी काही म्हणतील, मग अर्धा कप चहा मागवतील.

मामा दुकानात बसले होते. वाळले होते, पण पायजमा तसाच पांढरा. मला पाहून उठून उभे राहिले आणि हात जोडले. मला वाटलं, गंमत करताहेत. मी सगळा निरोप सांगितला. सोनीचं बोलणं सांगितलं, आक्कांचं सांगितलं, राग नाही हेही सांगितलं. ते ऐकत होते. एक नारळ हातात घेऊन त्याची शेंडी नीट करत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बरं झालं. त्यांना नमस्कार सांगा."

मी तशीच उभी राहिले. उन्हात, भर रस्त्यात, मागं भाविकांची गर्दी. पदर मुद्दाम पुढं ओढला. "मामा, साडी बघितली का माझी?"

त्यांनी बघितली. पायापासून डोक्यापर्यंत, अगदी पहिल्या दिवशी बघितली होती तशी. क्षणभर त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी उमटली आणि मी श्वास रोखून धरला.

मग आठी गेली. मामा दात दिसतील असं हसले.

"छान दिसते तुम्हाला, मॅडम," ते म्हणाले.